पॅरिसहून निघा दहाला, लंडनला उतरा सव्वादहाला!

पॅरिसहून सकाळी दहाला सुटलेलं विमान लंडनला सव्वादहाच्या सुमारास पोचतं. अंतर तब्बल 350 किलोमीटर! प्रवास असतो चांगला सव्वा तासाचा, पण लंडनचं घड्याळ एक तास मागे, म्हणून तासाभराची कमाई. परतताना ती वळती होते: दहाला निघालात की पॅरिसला सव्वाबारा.

हा तास आला कुठून? सूर्याच्या हिशेबाने ग्रिनिच आणि पॅरिस यांच्यात फरक जेमतेम 9 मिनिटं 21 सेकंदांचा. 1884 मध्ये ग्रिनिचला मूळ रेखावृत्त ठरवलं, तेव्हा फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला. अखेर 1911 मध्ये त्याने ग्रिनिचची वेळ स्वीकारली. पण कायद्यात लिहिलं काय, तर ‘पॅरिसची वेळ, उणे 9 मिनिटं 21 सेकंद’. ग्रिनिचचं नावच नाही! मला तर हा कायदा फार आवडतो. पुढे जून 1940 मध्ये जर्मन फौजा पॅरिसात शिरल्या आणि शहराची घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली गेली. फौजा गेल्या, घड्याळं आजही बर्लिनबरोबरच चालतात.

या दोन देशांमधल्या इंग्लिश खाडीवरून पहिली हवाई स्वारी झाली 7 जानेवारी 1785 ला, फुग्यातून. ब्लांशार आणि जेफ्रीज डोव्हरहून निघाले, फुगा खाली येऊ लागला, तेव्हा वजन कमी करायला सामान फेकलं, मग अंगावरचे कपडेही. ऐन जानेवारीत कुडकुडत दोघे फ्रान्सला टेकले!

25 जुलै 1909 ला लुई ब्लेरिओने हीच खाडी विमानाने सुमारे 37 मिनिटांत ओलांडली. त्याचं घर फ्रान्समधल्या आर्देलोच्या किनाऱ्यावर, आणि तिथेच सुट्टीत यायचा पॅरिसमध्ये जन्मलेला एक मुलगा: जे. आर. डी. टाटा. विमानांचं वेड त्यांना तिथेच लागलं. 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन ते स्वतः विमान चालवत मुंबईत जुहूला उतरले. भारताच्या विमानसेवेचं बीज असं त्या फ्रेंच वाळूत रुजलं.

लंडन-पॅरिस रोजची विमानसेवा सुरू झाली 25 ऑगस्ट 1919 ला. प्रवासी एकच, सोबत वर्तमानपत्रं, साय आणि शिकारीचे पक्षी. वेळ लागला सुमारे अडीच तास. आज समुद्राखालच्या बोगद्यातून धावणारी युरोस्टार त्याहून लवकर, सव्वादोन तासांत पोचते, तेही थेट शहराच्या मध्यात. विमानतळावरचं ताटकळणं धरलं तर गाडीच सरस, असं माझं मत. शिवाय फ्रान्सची हद्द ओलांडण्याचे सोपस्कार गाडीत बसण्याआधीच उरकतात: पासपोर्ट तपासणारे फ्रेंच पोलिस लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातच बसलेले असतात!