जॉबची बैठक

३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत मराठ्यांपुढं निजामाची फौज नमली. त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. त्या काळची तोफ बाजूनं पाहिली, तर नळीच्या दोन्ही अंगांना दोन जाडजूड आडवे खुंट दिसतात. तोफेचं वजन या खुंटांमधून गाड्यावर टेकतं आणि त्यांच्याभोवतीच तिचं तोंड वर-खाली होतं. इंग्रजी गोलंदाज या खुंटांना ट्रनियन म्हणत. आजच्या पाच अक्षांच्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेनं चालणाऱ्या) यंत्रात जॉब, म्हणजे कापायची वस्तू, ठेवायचं टेबल दोन बाजूंच्या आधारांवर पाळण्यासारखं कलतं. त्या टेबलालाही ट्रनियन टेबल असंच नाव आहे. तोफ गेली, खुंट उरले.

साधं सीएनसी यंत्र तीन दिशांनी चालतं: डावं-उजवं, पुढं-मागं, वर-खाली. जॉब स्वतःभोवती फिरवला की चौथा अक्ष होतो, कलवला की पाचवा. आकड्यांच्या आज्ञेनं हत्यार चालवणारं, सीएनसीचं पूर्वज यंत्र १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत दाखवलं गेलं. मूळ कल्पना जॉन पार्सन्स यांची. त्यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळसे अचूक हवे होते. तिथून पुढं कितीतरी वर्षं ही यंत्रं मोठ्या कारखान्यांची मक्तेदारी होती. मग लिनक्ससीएनसीसारखी फुकट प्रणाली आली, २००९ मध्ये आर्डुइनोच्या छोट्या पाटीवर चालणारं जीआरबीएल आलं, आणि मागच्या खोलीत यंत्र बांधणं शक्य झालं. महाराष्ट्रात या वाटेवरचं ठळक ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये तिथंच फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवायची कार्यशाळा, उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. गावातल्या मुलांनी हातानं करत शिकावं, हा आश्रमाचा पाया होता. संगणकावर चालणारी हत्यारं त्यात नंतर मिसळली.

घरी यंत्र बांधणाऱ्यांच्या गप्पा मोटारींपासून सुरू होतात, ड्रायव्हरवर येतात आणि सॉफ्टवेअरमध्ये अडकतात. जॉब कशावर बसवायचा, हा प्रश्न पहिलं हत्यार मोडल्यावर निघतो.

खरं तर अडचण सरळ आहे. टेबल आडवं कलवलं की कटर बाजूनं कापू लागतो. जॉब थेट टेबलावर बांधलेला असेल, तर त्याच्या तळाकडच्या भागापर्यंत कटर पोचण्याआधी स्पिंडलचं, म्हणजे कटर धरून फिरवणाऱ्या भागाचं, नाक टेबलाच्या कडेवर आपटतं. यावर दोन उपाय. एक, कटर स्पिंडलमधून जास्त बाहेर काढायचा. दोन, जॉबखाली पॅकिंग देऊन, ठोकळा किंवा खांब उभा करून जॉबच वर उचलायचा. पहिला उपाय फुकटचा वाटतो, पण कटर किती वाकणार हे बाहेर आलेल्या लांबीच्या घनावर ठरतं. सहा मिलिमीटरचा एंड मिल जातीचा कटर वीस मिलिमीटरऐवजी चाळीस बाहेर काढला, की तेवढ्याच जोरात तो आठपट वाकतो. मग खडखड सुरू होते, कापलेल्या पृष्ठावर लाटा उमटतात आणि शेवटी टोक तुटतं. हात लांबवण्यापेक्षा ताट जवळ ओढलेलं बरं. म्हणून जाणकार जॉब उचलतात.

पण उचललेला जॉबही त्याच नियमाच्या तावडीत असतो. खालचा खांब बारीक असेल, तर उंची दुप्पट केल्यावर तोही आठपट डुलतो. म्हणून खांब तळाशी रुंद, वर जॉबच्या गरजेपुरता निमुळता करतात, म्हणजे स्पिंडलला बाजूनं शिरायला जागा राहते. एकावर एक चार पातळ पट्ट्या रचण्यापेक्षा एक अखंड ठोकळा केव्हाही बरा; प्रत्येक सांध्यात कीस आणि धूळ शिरायला वाव असतो, आणि सूतभर तर सोडाच, कागदाच्या जाडीची फटसुद्धा जॉबला डोलायला पुरते.

दुसरी गोष्ट हिशोबाची. पाच अक्षांच्या यंत्राला जॉब कलण्याच्या अक्षापासून किती दूर आहे हे ठाऊक असावं लागतं. पन्नास मिलिमीटरचा ठोकळा खाली घातला आणि नियंत्रकाला सांगायचं राहिलं, तर टेबल तीस अंश कलल्यावर जॉब यंत्राच्या समजुतीपेक्षा पंचवीस मिलिमीटर बाजूला आणि जवळपास सात मिलिमीटर खाली असतो. हत्यार बिनदिक्कत हवेत कापतं, किंवा नको तिथं घुसतं. यंत्र चुकलं असं मालकाला वाटतं. यंत्रानं सांगितलं तेवढंच केलेलं असतं.

लहान चुकाही उंचीबरोबर वाढतात. घरगुती यंत्रातली स्टेपर मोटार एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकते, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचं. मध्ये ९० ला १ असा वर्म गिअर घातला की ते ०.०२ अंशांवर येतं. ऐकायला हे अगदी क्षुल्लक. पण अक्षापासून शंभर मिलिमीटरवर तेवढ्यानं ०.०३५ मिलिमीटर सरकतं, म्हणजे साधारण अर्ध्या केसाएवढं. दोनशे मिलिमीटरवर अख्खा केस. गिअरच्या दातांमधला ढिलेपणा यात धरलेला नाही, आणि घरच्या गिअरमध्ये तो असतोच.

वजनाचंही तसंच. दोन किलोचा जॉब, त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून शंभर मिलिमीटर वर. टेबल पुरतं आडवं झालं, की तो सुमारे दोन न्यूटन-मीटरचा पीळ देतो. मध्ये गिअर नसेल, तर तो थेट मोटारीवर येतो. घरगुती यंत्रांत सर्रास दिसणाऱ्या नेमा २३ मापाच्या कित्येक मोटारींचा धरून ठेवायचा जोर तेवढाच असतो. मोटार घसरली तरी साध्या स्टेपरला ते कळत नाही. ती पुढची पावलं निमूट मोजत राहते. म्हणूनच ट्रनियनचं टेबल अक्षाच्या खाली झोळीसारखं लोंबतं ठेवतात: उंच केलेला जॉब अक्षाच्या आसपास यावा, डोक्यावर चढू नये. तोफ ओतणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. नळीचा तोल जिथं साधतो त्याच्या जवळपासच ते खुंट ठेवत.

आता टेकवण्याबद्दल. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तीन धोंड्यांची चूल डुगडुगत नाही. शेतात भाकरी थापणाऱ्या बाईला याचा सिद्धांत सांगावा लागत नाही, पण जॉब धरण्याचं फिक्श्चरशास्त्र याच चुलीवर उभं आहे. कुठल्याही वस्तूला हलायचे सहा मार्ग असतात: तीन सरकण्याचे, तीन फिरण्याचे. तळाला तीन टेकू दिले की तीन मार्ग बंद, लांब बाजूला दोन दिले की आणखी दोन, टोकाला एक दिला की शेवटचा. याला तीन-दोन-एक पद्धत म्हणतात. सातवा टेकू द्यायचा असेल, तर तो जॉबला हळूच भिडणारा, स्क्रूनं वर-खाली होणारा हवा. तो जोरात दाबला तर जॉब वाकतो, वाकलेलाच कापला जातो आणि क्लॅम्प सोडल्यावर पुन्हा सरळ होताना माप बिघडवतो. पातळ जॉबच्या बाबतीत हा घात नेहमीचा.

लांब जॉबला निराळा न्याय. उदगीर-लातूरकडं डाळमिलचा शाफ्ट लेथवर चढतो, तेव्हा एक टोक चकात, दुसरं टेलस्टॉकच्या सेंटरवर आणि गरज पडली तर मधे टेकू देणारी स्टेडी. व्यासाच्या तीन-चार पटींहून लांब जॉब एका टोकावर सोडायचा नाही, हे आयटीआयचा पोरगाही पहिल्या वर्षी शिकतो. चौथा अक्ष लावणारे हौशी नेमकं हेच विसरतात आणि लाकडी खांब एकाच चकावर फिरवायला घेतात. एका टोकाचा आधार पुरत नाही, हा शोध महागात पडलेला आहे. वाफेच्या इंजिनाची सिलिंडरं पोखरताना एकाच बाजूनं धरलेला दांडा आपल्याच वजनानं झुके. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सननं दांडा सिलिंडरच्या आरपार नेऊन दोन्ही टोकांना टेकवला, आणि जेम्स वॉटच्या इंजिनाला हवं तसं गोल सिलिंडर मिळालं. विल्किन्सनचा हात त्याआधी बसला होता तो तोफांच्या नळ्या पोखरण्यावर.

आणि ज्याला चपटी बाजूच नाही असा जॉब? विकाराबाद-परळी रेल्वेमार्गावर उदगीरहून कमालनगर, भालकी ओलांडलं की बीदर येतं. तिथले बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या सुरईवर चांदीची तार बसवण्यासाठी चर खोदतात, तेव्हा ती गोल वस्तू मेण लावलेल्या दगडावर पक्की करतात. आपल्याकडचा सोनारही दागिना लाखेत बसवतो: लाख गरम असताना वस्तूच्या अंगाला अंग लावते, गार झाली की सोडत नाही, पुन्हा ऊब दिली की सुटते. विमानाच्या इंजिनाची वेडीवाकडी पाती बनवणारे कारखाने हीच युक्ती सत्तर अंशांच्या आसपास वितळणाऱ्या मिश्रधातूनं करतात. पातं त्यात रुतवायचं आणि तो ठोकळा यंत्रात धरायचा. घरच्या यंत्रावर मेण, प्लास्टर किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही चालून जाते, फक्त कापणं हलक्या हातानं हवं.

मात्र पाच अक्षांच्या कामात सगळ्यात सुबक बैठक जॉबच्याच अंगातून निघते. कच्चा ठोकळा गरजेपेक्षा थोडा उंच घ्यायचा. तळाशी डव्हटेलचा निमुळता खाचा कापायचा आणि खालच्या चिमट्यात फक्त तेवढाच भाग पकडायचा. वरच्या पाचही बाजू मोकळ्या राहतात, पॅकिंगचा सांधाच उरत नाही. कापायला सुरुवात करण्याआधी डायल लावून जॉबच्या माथ्यावर बोटानं रेटून पाहतात. काटा हलला आणि बोट काढल्यावर मूळ जागी आला नाही, तर पकड पुन्हा बांधायची. सगळं कापून झालं की शेवटी जॉब उलटा धरून तो बुंधा छाटून टाकतात. बुंधा भंगारात जात नाही. कडा घासून तो एका डब्यात पडतो, आणि पुढच्या जॉबखाली पॅकिंग कमी पडलं की आधी त्याच डब्यात हात जातो.