बंब येईपर्यंतचा अर्धा तास गावाचा

शेतकरी बंधूंनो, सोयाबीन सोंगून झाले की आपण शेतात सुडी लावतो आणि मळणीयंत्राच्या पाळीची वाट पाहतो. वेचलेला कापूस घरातल्याच खोलीत आढ्यापर्यंत भरतो. गोठ्यात कुटार, गोठ्यामागे पऱ्हाटीचा ढीग. म्हणजे वर्षाची सारी कमाई एका काडीच्या अंतरावर पडलेली असते. सुडी पेटली की नुसते सोयाबीन जळत नाही. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज आणि घरातले ठरलेले लग्नकार्य, सगळेच तिच्यासोबत जाते.

बंब कोठून येतो?

बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, शेगाव अशा नगरपरिषदांकडे अग्निशमन दल आहे. खेड्याला स्वतःचा बंब नाही. फोन गेला की बंब शहरातून निघतो आणि वीस-पंचवीस किलोमीटर खडबडीत रस्ता तुडवत येतो. पुढे पाणंद चिखलाची असेल तर तिथेच अडकतो. वाळलेली सुडी तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून पहिला अर्धा तास गावाचाच, हे पक्के ध्यानात ठेवा. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या अनुसूचीतही आग विझवण्यास मदत करणे आणि जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे ग्रामपंचायतीच्या कामांत सांगितले आहे. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मिनिटांची किंमत आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. आग कोणाची वाट पाहत नाही.

फोन कसा करावा?

१०१ किंवा ११२ लावा. कोणी भाजले असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८. जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचा थेट क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा. बोलताना गावाचे पूर्ण नाव आणि तालुका आधी सांगा. आपल्याच जिल्ह्यात पिंपळगाव देवी, पिंपळगाव राजा, पिंपळगाव काळे आणि पिंपळगाव सराई आहे. घाबरलेला माणूस नुसते "पिंपळगाव" म्हणाला तर बंबाने कुठे जावे? काय पेटले, कोणत्या रस्त्याने यायचे, जवळ पाणी कुठे आहे, हेही सांगा. मग एक जण बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा.

बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी मावते. जोराने मारले तर ते काही मिनिटांत संपते. पुन्हा भरायला कोणती विहीर, कोणाची मोटर, लाईन नसेल तर कोणाचे डिझेल इंजिन, हे आधीच ठरलेले असावे. पाण्याचा टँकर असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांची नावे लिहून ठेवा. फवारणीचे पंप छोट्या ठिणग्या विझवायला कामी येतात. मात्र टाकीत औषध राहिलेले नको.

बंब येईपर्यंत

आधी माणसे, मग जनावरे, मग माल. गोठ्याच्या खांबाला एक धारदार विळा कायम टांगलेला असू द्या. धुरात दाव्याची गाठ सुटत नाही, कापावी लागते. तारा किंवा मोटरचा स्टार्टर पेटला असेल तर पाणी मारू नका; आधी वीज बंद करा, लाईनमनला कळवा, मग माती टाका. पेटलेली सुडी वाचत नसेल तर तिच्या नादी न लागता शेजारची वाचवा. मधला पाला-पाचोळा ओढून काढा, ट्रॅक्टरने पट्टा नांगरून घ्या. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडा. शाई, पेस्ट, तेल काही लावू नका.

कापसाची आग कपटी असते. वरून विझली तरी आत धुमसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजात आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकेही. आग विझवताना स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपल्या घरच्या कापसाला आग लागली तर तो बाहेर ओढून, उकलून भिजवा आणि रात्रभर राखण ठेवा.

आग लागूच नये म्हणून

सुडी विजेच्या तारांखाली किंवा रस्त्याच्या कडेला लावू नका. सारा माल एकाच सुडीत न घालता दोन ठिकाणी, मध्ये भरपूर अंतर सोडून ठेवा. भोवताली वखराच्या चार-पाच पाळ्या देऊन जमीन काळी करा. मळणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची ठिणगी कुटारावर पडणार नाही असे पाहा. जवळ पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवा. धुरे पेटवणे तर सोडाच. उन्हाळ्यात वारा फिरला की आपल्या धुऱ्याची आग शेजाऱ्याच्या संत्र्यात जाते आणि पुढची दहा वर्षे दोन्ही घरे कोर्टात जातात.

नुकसान झालेच तर जागा हलवू नका. फोटो काढा, तलाठ्याला (आताचे ग्राम महसूल अधिकारी) कळवून पंचनामा करून घ्या, प्रत मागा. कोणी मुद्दाम पेटवल्याचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. सरकारी मदत नियमात बसली तरी सारे नुकसान भरून निघत नाही, हेही लक्षात असू द्या.

गावकऱ्यांना एकच विनंती. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सुड्यांसाठी आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उन्हाळ्यासाठी हा विषय घ्या. विहीर, टँकर, इंजिन आणि दहा तरुणांची नावे कागदावर उतरवा. या तयारीला पैसा फारसा लागत नाही, एक बैठक पुरते.