गेम इंजिन : परवाने आणि प्लॅटफॉर्म

एमआयटी परवाना : गोडो इंजिन २०१४ पासून याच परवान्याखाली. वापरा, बदला, विका, रॉयल्टी नाही. कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर मात्र सोबत द्यावा लागतो.

जीपीएल : बदललेले सॉफ्टवेअर इतरांना दिले, तर त्याचा कोडही याच परवान्याखाली द्यावा लागतो. ‘क्वेक’ या गेमचा कोड १९९९ मध्ये, ‘क्वेक ३’चा २००५ मध्ये असा खुला झाला. चित्रे, आवाज, नकाशे त्यात नव्हते.

कोड दिसतो, पण मुक्त नाही : इथे गल्लत फार होते. अनरियल इंजिनचा सोर्स कोड नोंदणी करून वाचता येतो. परवाना एपिक कंपनीचाच. गेमची कमाई १० लाख डॉलरपुढे गेली, की वरच्या रकमेवर सर्वसाधारणपणे ५ टक्के रॉयल्टी.

युनिटी इंजिन : गेमच्या इन्स्टॉलमागे शुल्क सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर, सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द.

कन्सोल : गोडोतून विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस आणि वेबसाठी थेट गेम काढता येतो. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच यांची एसडीके (गेम बनवण्याची अधिकृत साधने) गोपनीयतेच्या करारावर मिळतात, त्यामुळे ती वापरणारा कोड सर्वांसमोर ठेवता येत नाही. कन्सोल आवृत्ती हवी असेल, तर कन्सोल कंपनीची मान्यता घेऊन पोर्टिंग स्वतः करायचे किंवा त्या कामातल्या कंपनीकडे सोपवायचे.