सायलेन्सरचा रंग का टिकत नाही?

मोटारसायकलच्या सायलेन्सरला घरात उरलेला ऑइल पेंट लावला, तर थोड्याच दिवसांत तो करपून त्याचे पापुद्रे निघतात. इंजिनाला लागून असलेला बेंड पाइप कित्येकशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि साध्या रंगातले रेझिन त्याच्या बरेच आधी जळून जाते.

उष्णतारोधक रंगात सिलिकॉन रेझिन असते. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे रासायनिक बंध उष्णतेने सहज तुटत नाहीत. म्हणून असे अनेक रंग सुमारे ६०० अंशांपर्यंत तग धरतात.

खरे काम रंग लावण्याआधीचे. जुना रंग आणि गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने पूर्ण काढावा. मग पत्रा थिनरने पुसावा, कारण तेलाचा बोटभर डागही रंग धरू देत नाही. जाड थर तापल्यावर फुगतो. त्यामुळे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

वाळला म्हणजे रंग पक्का झाला, असे नाही. सिलिकॉन रेझिन उष्णतेनेच कडक होते. इंजिन आधी थोडा वेळ चालवून थंड होऊ द्यावे, मग हा वेळ टप्प्याटप्प्याने वाढवावा. तेव्हा थोडा धूर आणि वास येतो, म्हणून गाडी मोकळ्या जागेत ठेवावी.

कोकणच्या खाऱ्या दमट हवेत हा लेप विशेष उपयोगी. मात्र धुरातली वाफ थंड होऊन आत साचणारे पाणी सायलेन्सर आतूनही गंजवते. त्यावर बाहेरच्या रंगाचा इलाज नाही. पत्र्याला भोक पडले असेल, तर आधी वेल्डिंग करून घ्या. रंगाचा डबा नंतर उघडा.