आमच्या तळीतली मरळ

गेल्या जुलैत चार दिवसांची रजा काढून डिचोलीला घरी गेलो होतो. सहावीतला भाचाही पर्वरीहून आला होता. मोबाइलवर अमेरिकेतल्या मासेमारीचे व्हिडिओ पाहून त्याने ऑनलाइन रॉड मागवला होता. आल्या आल्या त्याचा प्रश्न, "मामा, आपल्या तळीत ट्राउट आणि बास सोडूया?"

मी पडलो इंजिनिअर, उत्तर आकड्यांत दिले. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांना तो साडेसातवर येतो. ट्राउट थंड पाण्यातला, त्याला आपले पाणी सोसायचे नाही. म्हणून तर इंग्रजांनी तो काश्मीर आणि निलगिरीच्या गार ओढ्यांत रुजवला.

बासची गोष्ट वेगळी. तो कोमट पाण्यातही तग धरतो आणि भीती त्याचीच. जपानमध्ये १९२५ साली अमेरिकेतून आणलेला बास आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला आणि तिथले छोटे मासे फस्त करू लागला. २००५ पासून तिथे बास पाळायला आणि सोडायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे १९५२ साली आलेला तिलापियाही असाच हातपाय पसरून बसला आहे.

"मग आपल्या तळीत आहे काय?" भाचा हिरमुसला. म्हटले, "मरळ. चल, गरवायला जाऊ."

मरळ वर येऊन हवेतून श्वास घेते, त्यामुळे पाणी कमी झाले तरी टिकते. बेडकावर अशी झडप घालते की हातातला रॉड हिसकला जावा.

कुळागराच्या कडेला पोचलो तर पाण्यावर नारिंगी-लाल ठिपक्यांचा पुंजका हलत होता. भाच्याने लगेच गरी सरसावली. मी त्याचा हात धरला.

ती मरळीची पिल्ले होती. खाली आईबाप राखण करत असतात. जवळ येईल त्यावर ते धावून जातात, त्यामुळे सहज गरीला लागतात. त्याच्याएवढा असताना मी याच तळीत असा मासा काढला होता. घरी मोठी मिरवणूक! दुसऱ्या दिवशी पुंजका अर्धा झाला, तिसऱ्या दिवशी दिसलाच नाही. जेवताना आजोबा एवढेच म्हणाले, "एक खाल्लास, शंभर घालवलेस."

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग स्वतःच उठून पलीकडच्या काठाला गेला. कणकेच्या गोळ्यावर दोन बोटभर मासे मिळाले, तेही त्याने सोडून दिले.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा डिचोली-पेडण्यात गोड्या पाण्यातल्या माशांकडे सगळ्यांची नजर वळते. नेमके तेच दिवस त्यांच्या अंड्या-पिल्लांचे. म्हणून मुलांना घेऊन जाणार असाल तर तळी कोणाची आहे ते विचारून जा. पोटात गाबोळी असलेला मासा सोडून द्या. लाल पुंजका दिसला तर गरी आवरा. घरच्या फिशटँकमधले मासे तळीत ओतू नका. आणि पाण्याने भरलेल्या खाणींच्या खंदकांकडे फिरकूच नका. काठ उभे असतात, माती सुटते.

ऑगस्टमध्ये भाच्याचा फोन आला. "मामा, पिल्लं आता लाल नाहीत, काळपट झालीत. आणि वेगवेगळी फिरतात!"

रॉडबद्दल तो एक शब्दही बोलला नाही.