मेलेल्या सूक्ष्मजीवांची कमाई

आंबवलेल्या चहाची भलामण हल्ली दह्याच्या चालीवर होते: उपकारक जिवाणू पोटात जातील आणि तिथे नांदतील. चीनच्या युन्नान प्रांतातल्या पु-अर चहाबद्दल हे म्हणणे टिकत नाही. तो उकळत्या पाण्यात करतात, आणि ज्या बुरशीने व यीस्टने तो घडवला त्यांतले फारसे काही त्या पाण्यातून जिवंत सुटत नाही. तरीही हा चहा मला फार मोलाचा वाटतो, कारण सूक्ष्मजीव मेले तरी त्यांनी पानावर केलेले काम मागे राहते. इडली वाफवताना पिठातले जिवाणू मरतात, म्हणून पीठ आंबवणे वाया गेले असे कुणी म्हणत नाही.

हे काम नेमके कोणते? आपल्या घरचा सीटीसी चहा काळा होतो तो मुख्यतः पानातल्याच विकरांमुळे. पु-अरचे तसे नाही. पूर्वी त्याच्या वड्या वर्षानुवर्षे साठवून मुरवत. 1973 च्या सुमारास कुनमिंगच्या चहा कारखान्यात पानांचे ढीग ओले करून, झाकून, अधूनमधून उलथून तोच बदल दीड-दोन महिन्यांत घडवण्याची पद्धत बसवली गेली. ढिगाचे पोट 50-60 अंशांपर्यंत तापते. अ‍ॅस्परजिलस गटातल्या बुरश्या टॅनेज हे विकर सोडतात, त्याने पानातली कॅटेचिने ही तुरट द्रव्ये फुटून गॅलिक आम्ल सुटते. उरलेले रेणू ऑक्सिजनच्या साथीने एकमेकांना जोडले जाऊन थिआब्राउनिन नावाची गडद तपकिरी, अवजड द्रव्ये तयार होतात. तुरटपणा ओसरतो तो यामुळेच. हुनान प्रांतातल्या फू चहाच्या विटांमध्ये तर अ‍ॅस्परजिलस क्रिस्टॅटस या बुरशीचे पिवळे ठिपके मुद्दाम वाढवतात. त्यांना ‘सोनेरी फुले’ म्हणतात, आणि ती जितकी दाट तितकी वीट उत्तम मानली जाते. जपानच्या शिकोकू बेटावरचा गोइशिचा याहून गुंतागुंतीचा आहे. वाफवलेल्या पानांवर आधी बुरशी चढू देतात, मग ती पिंपात वजनाखाली दाबून लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंच्या हवाली करतात, आणि शेवटी चौकोनी तुकडे कापून उन्हात वाळवतात. बुरशीनंतर जिवाणू हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या त्या डोंगरी गावकऱ्यांच्या जाणकारीपुढे मान लवते. जिवंत जिवाणूंचा दावा खरा ठरण्याची शक्यता आहे ती म्यानमारच्या लाहपेतमध्ये आणि उत्तर थायलंडच्या मिआंगमध्ये. तिथे आंबवलेले पान न उकळता खातात.

कॅटेचिने म्हणजे चहाचे सत्त्व, तीच गेली तर उरले काय, असा आक्षेप हिरव्या चहाचे चाहते घेतात. पण सत्त्वाचे इथे रूपांतर होते. थिआब्राउनिनचे मोठे रेणू आतड्यात सहज शोषले जात नाहीत, त्यामुळे ते खाली मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचतात. 2019 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात उंदरांना थिआब्राउनिन दिल्यावर पित्तक्षारांचे विघटन करणारे आतड्यातले जिवाणू घटले, यकृत कोलेस्टेरॉल खर्चून अधिक पित्ताम्ल बनवू लागले आणि रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले. म्हणजे ढिगातल्या, आता मेलेल्या बुरशीची कमाई पोटातल्या जिवंत जिवाणूंवर परिणाम करते. पुरावा मुख्यतः उंदरांचा आहे, माणसांवरची चाचणी लहान होती. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून पु-अर प्यावा एवढे बळ त्यात नाही. परिणाम कोणत्या वाटेने होतो हे मात्र त्यातून दिसते, आणि ‘औषधी चहा’ या मोघम स्तुतीपेक्षा मला ते कितीतरी मोलाचे वाटते.

दुसरा आक्षेप बुरशीच्या विषाचा. तो रास्त आहे. अ‍ॅस्परजिलसच्या काही जाती ऑक्राटॉक्सिन बनवू शकतात, आणि दमट कोठारात नको ती बुरशी चांगल्या वडीवरही बसते. कुबट वास येणारा चहा टाकून द्यावा. पण विटांच्या चहाने केलेली सर्वांत मोठी हानी विषारी बुरशीची नाही. चहाचे झाड मातीतले फ्लोराइड पानात साठवते आणि पान जून होईल तसे ते वाढत जाते. स्वस्त विटांसाठी नेमकी हीच जाडीभरडी पाने वापरतात, आणि तिबेटात रोज असा चहा भरपूर पिणाऱ्यांमध्ये हाडांचा फ्लोरोसिस आढळला आहे.