मिसिंग मारणारी गाडी आणि शोधण्याची मजुरी

इंजिन ही कोल्हापूरला नवलाची वस्तू नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांत ब्लॉक आणि हेड ओतले जातात, शिरोलीत मेनन पिस्टन्सचे पिस्टन बनतात, कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. त्याच्या कितीतरी आधी शिवाजी उद्यमनगरात शेतीपंपांची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता त्यांचे सुटे भाग आणि पुढे अख्खी इंजिनं बनवणारे मिस्त्री तयार झाले. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही कामं इथल्या गल्लीबोळांत होतात, आणि मायक्रोमीटर लावल्याशिवाय तिथे कुणी धातूला हात लावत नाही. अशा शहरात आयडलिंगला थरथरणारी, मिसिंग मारणारी गाडी गॅरेजला गेली की मात्र बहुधा आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ होतात, मग थ्रॉटल बॉडी. दहा हजारांचं बिल होतं आणि थरथर तशीच राहते. माझं म्हणणं असं की दोष कारागिरीत नाही. मशीन शॉपमध्ये मोजल्याशिवाय न कापण्याची जी शिस्त आहे ती ट्यूनिंगच्या गॅरेजपर्यंत पोहोचलेली नाही, आणि ती पोहोचत नाही कारण शोधण्याच्या कामाची मजुरी द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येते. आयडलिंग 800 आरपीएमला असेल तर एका सिलिंडरच्या वाट्याला मिनिटाला 400 स्फोट येतात. चारांपैकी एकाने काम सोडलं की दर चौथा धक्का गायब होतो आणि एवढ्या कमी वेगात फ्लायव्हीलला ती तूट भरून काढता येत नाही. तीन हजार आरपीएमला हीच खोड बरीचशी झाकली जाते. म्हणून हे दुखणं हायवेवर न कळता दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला कळतं. पण थरथर म्हणजे मिसिंगच, असंही नाही. मारुती 800 पासून आजच्या लहान गाड्यांपर्यंत तीन सिलिंडरची इंजिनं मुळातच जरा हलतात, आणि माउंटिंगचं रबर बसलेलं असेल तर धडधाकट इंजिनही सगळी गाडी हलवतं. इंजिन चुकतंय की नुसतं हलतंय, हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता घातलेले नवे प्लग हा निव्वळ जुगार आहे.

यावर हमखास ऐकू येतं: आता स्कॅनर आहे, तो सांगतो की. स्कॅनर काय सांगतो ते नीट पाहायला हवं. क्रँकजवळचा सेन्सर फिरत्या चाकाचे दात मोजत असतो. एखादा स्फोट चुकला की क्रँक क्षणभर मंदावतो, त्या वेळी पाळी कुणाची होती ते कॉम्प्युटर पाहतो आणि पी 0302 असा कोड नोंदवतो. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर चुकला. का चुकला, याबद्दल कोड काही बोलत नाही. मेलेली कॉइल, तुंबलेला इंजेक्टर, जळालेला व्हॉल्व्ह, झिजलेल्या रिंगा, सगळ्यांचा कोड तोच. पी 0300 आला तर सिलिंडरचाही पत्ता लागत नाही. स्कॅनरवर कोड दिसला आणि कॉइल मागवली, तर अंगात ताप आहे एवढ्यावरून ऑपरेशनची तारीख ठरवल्यासारखं होतं.

खरा पुरावा गोळा करायला वेळ लागतो, पैसा फारसा लागत नाही. दोन नंबरची कॉइल तीन नंबरला लावायची आणि इंजिन चालवायचं. कोड पी 0303 झाला तर कॉइल दोषी, तिथेच राहिला तर ती निर्दोष. हाच खेळ प्लगचा करता येतो. दोष केव्हा येतो हेही बोलकं असतं. फक्त आयडलला चुकणारं आणि रेस दिली की सुधारणारं इंजिन मॅनिफोल्डच्या गॅस्केटकडे किंवा फाटलेल्या व्हॅक्युम होजकडे बोट दाखवतं, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद असताना आत शिरणारी चोरटी हवा एकूण हवेत मोठा वाटा घेते. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत अशा वेळी फ्यूल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचा, आकडा आयडलला चढलेला आणि 2500 आरपीएमला खाली आलेला दिसतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या गाडीत मात्र तीच गळती बऱ्याचदा आयडल वाढवून बसते, आणि इथे भलेभले फसतात. उलट चढावर, लोड आला की झटके बसत असतील तर ठिणगी किंवा पेट्रोलचा दाब तपासावा. एवढं करून उलगडा झाला नाही तर कॉम्प्रेशन. समजा तीन सिलिंडर 170 पीएसआय दाखवतात आणि एक 110. त्या एकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर हेड गॅस्केट. यापुढचं काम उद्यमनगरात डोळे मिटून होईल. अडतं ते याच्या अलीकडे.

जुन्या मिस्त्रींना हे कानाने कळायचं, असं अभिमानाने सांगितलं जातं. ते खरं आहे, पण त्या कानामागे पद्धत होती. चालू इंजिनात प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या आणि जी काढल्यावर आवाज पडत नाही तो सिलिंडर मेलेला, हा प्रयोगच होता; कान फक्त मोजण्याचं साधन. आजच्या गाडीत तो तसाच करू नये. मोकळी सोडलेली कॉइल खराब होते आणि न जळलेलं पेट्रोल पुढे जातं. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा किंवा स्कॅनरवरून तो बंद करावा. साधन बदललं तरी प्रश्न तोच विचारायचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्लग स्वस्त, मग आधी बदलून टाकायला काय हरकत? गाडीच्या पुस्तकात दिलेलं आयुष्य संपलं असेल तर काहीच नाही. पण काढलेला प्लग हा साक्षीदार असतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ऑइलने ओला असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. तो न पाहता डब्यात फेकणं म्हणजे पुरावा फेकणं. आणि गॅरेजवाल्याची बाजूही आहेच. त्याची कमाई पार्टवर. दोन तास खपून त्याने फाटलेला होज शोधला तर बिलावर होजची किंमत लागते, दोन तास लागत नाहीत. चार कॉइल घातल्या तर गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे देतं. प्रामाणिक माणसाला तोट्यात घालणारा हा हिशेब गॅरेजने एकट्याने मांडलेला नाही.

सीएनजीच्या गाड्यांनी तर शोधण्याचं एक साधन फुकट दिलं आहे. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पेट्रोलवर नीट आणि गॅसवर चुकणारी गाडी आधी प्लग-कॉइलकडे पाहायला सांगते, मग गॅसच्या इंजेक्टरकडे. गॅसवर व्हॉल्व्ह सीटही लवकर झिजते, टॅपेटची फट कमी होत जाते आणि एके दिवशी व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो. तेव्हा फट वेळेवर मोजणं हाच उपाय. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर मात्र हल्ली नको इतकं खापर फुटतं. उसाच्याच जिल्ह्यात हे घडावं ही गंमत. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश आणि ते पाणी ओढतं, हे खरं. पण एकच सिलिंडर चुकत असेल तर दोष टाकीतल्या इंधनाचा असण्याची शक्यता कमीच, कारण टाकी चौघांची एकच असते.

तेव्हा गाडी गॅरेजला द्याल तर काढलेले प्लग परत मागा, कॉम्प्रेशनचे आकडे बिलावर लिहून घ्या, आणि शोधण्याची मजुरी कुरकुर न करता द्या. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गगनबावड्याचा घाट त्या दिवशी राहू द्या. न जळलेलं पेट्रोल तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं, त्या उष्णतेने आतली जाळी वितळते, आणि तो भाग कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे.